उजेड आला, नजर उशिरा आली

मोतीबिंदू उतरवणाऱ्या फिरत्या वैद्याची सारी कमाई पहिल्या काही मिनिटांत ठरायची. बाजाराच्या कडेला किंवा एखाद्या ओसरीवर रुग्णाला बसवायचं, कुणीतरी मागून डोकं घट्ट धरायचं, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुई आत घालायची आणि गढूळ झालेलं भिंग खाली ढकलून द्यायचं. मग तिथल्या तिथे वैद्य समोर बोटं धरायचा. दिवस की रात्र, यापलीकडे ज्याला कित्येक वर्षं काही कळत नव्हतं, तो माणूस बोटं बरोबर मोजायचा. बघ्यांमध्ये आनंद पसरायचा, पैसे हातावर पडायचे, डोळ्यावर पट्टी बांधली जायची आणि ती पट्टी सुटायच्या आत वैद्य पुढच्या गावाला गेलेला असायचा.

पट्टीखाली पुढे काय होत होतं, याचा हिशोब रॉबर्ट हेन्री एलियट या इंग्रज सर्जनने मांडला. एलियट मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचा प्रमुख होता. हे रुग्णालय १८१९ साली सुरू झालेलं, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक. भिंग ढकललेले ७८० डोळे त्याने तपासले आणि १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यावर व्याख्यानं दिली. सुजून आक्रसलेले डोळे, आतला दाब वाढून दगडासारखे टणक झालेले डोळे, महिनोन्महिने ठणकत राहिलेले डोळे असे कितीतरी त्यात होते. ज्याचं बरं झालं तो रुग्णालयाची पायरी कशाला चढेल, हा आक्षेप त्या आकड्यांवर घेता येतो आणि तो रास्तही आहे. पण ज्यांचं बिघडलं त्यांची वेदना या आक्षेपाने खोटी ठरत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास उजेड आणि नजर यांतल्या अंतराभोवती फिरतो. डोळ्यात उजेड सोडणं माणसाला फार पूर्वी जमलं. त्या उजेडातून कामाची, टिकणारी नजर देणं मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जमलं नाही; आणि ती नजर गरिबाच्या पदरात पडायला आणखी काही दशकं गेली.

भिंग गढूळ का होतं हे आधी पाहायला हवं. बाहुलीच्या लगेच मागे, बारीक तंतूंनी टांगलेलं, नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचं हे भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. त्याला रक्तवाहिनी नाही. आतली प्रथिनं ठरावीक रचनेत बसलेली असतात म्हणून प्रकाश आरपार जातो. वय वाढतं तशी ही रचना विस्कटते. मधुमेह, स्टेरॉइडची औषधं, तंबाखू, उन्हातले अतिनील किरण, डोळ्याला बसलेला मार यांनी ती लवकर विस्कटते. प्रथिनांच्या गुठळ्या होतात, भिंग पिवळं, तपकिरी, शेवटी पांढरं पडतं. मागचा पडदा बहुतेकदा ठणठणीत असतो, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. जगात सर्वाधिक लोक आंधळे होतात ते या कारणाने, आणि हे आंधळेपण शस्त्रक्रियेने घालवता येतं. काचबिंदूने गेलेली नजर परत आणता येत नाही. मोतीबिंदूने गेलेली आणता येते. म्हणूनच मोतीबिंदूने कुणी आंधळा राहिला तर ते अधिक बोचतं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाश या नावाने या विकाराचं आणि त्यावरच्या शस्त्रकर्माचं वर्णन आहे. ते वाचताना जाणवतो तो त्यातला बारकावा. हवा फार उष्ण नसावी, फार थंडही नसावी. रुग्णाने नजर आपल्या नाकाकडे स्थिर ठेवावी. जवाच्या दाण्याच्या आकाराचं टोक असलेली शलाका कानशिलाच्या बाजूने, रक्तवाहिन्या टाळून आत न्यावी. उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरावा आणि डाव्यासाठी उजवा. योग्य जागी वेध झाला की विशिष्ट आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग डोळ्यावर स्त्रीचं दूध शिंपडावं. दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून रुग्णाने नाक शिंकरावं, म्हणजे आतला कफ सुटेल. रुग्णाला दिसू लागलं की शलाका हळूच काढावी, तुपात भिजवलेला कापूस ठेवून पट्टी बांधावी, त्याला उताणं निजवावं. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सारं वर्ज्य.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची इतकी काळजी या ग्रंथात आहे आणि फिरत्या वैद्यांच्या हातून नेमकी तीच सुटून गेली. विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली, सुई पोचली, पथ्य मागे राहिलं. बौद्ध भिक्षूंबरोबर ही पद्धत चीनमध्ये गेली. अरबी वैद्यांना आणि युरोपलाही भिंग ढकलण्याची कला माहीत होती. इसवी सन १००० च्या आसपास कैरोमध्ये अम्मार अल-मौसिली याने पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू शोषून काढण्याची युक्ती लिहून ठेवली. पण जगभरात पुढची साडेसातशे वर्षं मुख्य उपाय एकच राहिला, भिंग वाटेतून बाजूला ढकलायचं आणि डोळ्यातच सोडून द्यायचं.

युरोपातही फिरते वैद्य होतेच, आणि त्यांची पोच राजदरबारांपर्यंत होती. जॉन टेलर नावाचा इंग्रज स्वतःला राजांचा नेत्रवैद्य म्हणवत, डोळ्यांची चित्रं रंगवलेल्या बग्गीतून गावोगाव फिरे. १७५० च्या वसंतात तो लाइपझिगला आला आणि त्याने जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर काही दिवसांच्या अंतराने दोनदा सुई चालवली. बाख यांची दृष्टी गेली, प्रकृती ढासळली आणि २८ जुलैला ते वारले. पुढे हेन्डेल या दुसऱ्या थोर संगीतकाराचे डोळेही टेलरच्याच हाताखाली गेले. त्यांनाही नजर मिळाली नाही.

बाख यांच्यावरच्या त्या शस्त्रक्रियेच्या तीनच वर्षं आधी पॅरिसमध्ये वेगळी वाट सापडली होती. झाक दाव्हिएल हा फ्रेंच सर्जन मार्सेयमध्ये प्लेगच्या साथीत काम करून पुढे आलेला. १७४५ मध्ये एका संन्याशाच्या डोळ्यात तो भिंग ढकलत असताना ते खाली जाईना. त्याचे तुकडे होऊन बाहुलीच्या पुढे आले. दाव्हिएलने बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला छेद दिला आणि ते तुकडे बाहेर काढले. त्या माणसाला दिसायला लागलं. पुढे डोळा पिकला आणि कायमचा गेला, पण दाव्हिएलने त्या प्रसंगातून जे घ्यायचं ते घेतलं. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये केसांचे टोप बनवणाऱ्या एका कारागिराच्या डोळ्यात नेहमीची सुई अपयशी ठरली, तेव्हा त्याने मुद्दाम पटलाच्या खालच्या अर्ध्या भागाला छेद दिला, भिंगाची पिशवी उघडली आणि गढूळ भिंग हळूच दाबून बाहेर काढलं. १७५३ मध्ये त्याने आपला अहवाल छापला. २०६ शस्त्रक्रिया, त्यांतल्या १८२ यशस्वी, असा त्याचा स्वतःचा दावा होता.

भूल नव्हती. जंतू ही कल्पनाच नव्हती. जखमेला टाका नव्हता, त्यामुळे रुग्णाने कित्येक दिवस डोकं न हलवता पडून राहायचं. पिशवी मागे राहत असल्याने भिंगाचे चिकट अवशेषही मागे राहत, त्यांनी डोळा सुजे आणि काही दिवसांनी नवा पडदा धरे. अवशेष कमी राहावेत म्हणून भिंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबायचं ठरलं. ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर या’ हे उत्तर आपल्याकडच्या आजी-आजोबांनी गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत ऐकलं, त्याचं मूळ इथे आहे. पिकण्याची वाट पाहणं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन वर्षं चुलीपाशी, विहिरीवर, पायरीवर चाचपडणं.

दाव्हिएलनंतर अर्ध्या शतकाने तंजावरला एक मराठी राजा डोळ्यांच्या शस्त्रक्रियांत मन घालून बसला होता. भोसले घराण्यातले दुसरे सर्फोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीत त्यांचं शिक्षण झालं होतं. इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेतल्यावर त्यांनी आपली शक्ती ग्रंथसंग्रहाकडे आणि वैद्यकाकडे वळवली. धन्वंतरी महाल या त्यांच्या संस्थेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचं काम शेजारी-शेजारी चाले. मॅकबीन नावाच्या इंग्रज सर्जनच्या साथीने तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या रुग्णांची टिपणं, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. राजांनी स्वतः किती वेळा शस्त्र हातात धरलं हा वाद अभ्यासकांचा. इतर कशाहून मोलाची गोष्ट ही की तिथे रुग्णाची नोंद ठेवली जात होती. बाजारातला वैद्य पट्टी बांधून निघून जायचा. तंजावरच्या टिपणात तो डोळा रंगासकट कागदावर उतरवलेला आहे.

वेदनेचा प्रश्न १८८४ मध्ये सुटला. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचं द्रावण आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिलं. टाचणीने स्पर्श केला तरी काही जाणवेना. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती, पण कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला आणि प्रयोग करून दाखवला. ही बातमी आठवड्यांत जगभर गेली. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धती तोवर रुळत होत्या. डोळा स्थिर राहू लागला, सर्जनला सवड मिळाली.

या सवडीचा सर्वांत मोठा उपयोग पंजाबात झाला. हेन्री स्मिथ हा आयरिश माणूस इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी. जालंधरमधल्या कामामुळे ‘जालंधर स्मिथ’ हेच त्याचं नाव पडलं. पिशवी मागे ठेवली की अवशेष राहतात, तर पिशवीसकट भिंग काढायचं, असा त्याचा सरळ विचार होता. छेद मोठा घ्यायचा, बोथट आकडीने बाहेरून नेमका दाब द्यायचा, तंतू तुटतात आणि भिंग अखंड बाहेर येतं. दाब जरा चुकला तर भिंगामागचा जेलीसारखा द्रवही बाहेर येतो आणि डोळा जातो. युरोपातल्या तज्ज्ञांनी त्याच्यावर सडकून टीका केली. १९१० मध्ये त्याचं पुस्तक निघालं तोवर त्याच्या हातून वीस हजारांहून अधिक डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. एवढा अनुभव लंडन किंवा व्हिएन्नात कुणाकडे नव्हता. अमेरिकेतले सर्जन बोटीचा आणि आगगाडीचा प्रवास करून त्याच्याकडे हात शिकायला येत. मोतीबिंदूचं शास्त्र युरोपातून भारतात आलं असं सरसकट सांगितलं जातं, ते निदान या एका प्रकरणात उलटं आहे.

पिशवीसकट भिंग काढण्याची रीत पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. पण डोळ्यात आता भिंगच नव्हतं. त्याची भरपाई म्हणून +१० च्या आसपास नंबरचा चष्मा मिळे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या त्या काचा अनेक मराठी घरांतल्या जुन्या फोटोंत अजून दिसतात. त्या चष्म्यातून सगळं पाव हिश्श्याहून अधिक मोठं दिसे. कपात चहा ओतताना धार बाहेर जाई, पायरी होती त्यापेक्षा जवळ भासे, बाजूने येणारी बैलगाडी काचेच्या कडेशी अचानक उगवे. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दोन डोळ्यांच्या दोन आकारांच्या प्रतिमा मेंदूला जुळवता येत नसत. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. तालुक्याच्या गावी तसा नंबर मिळत नसे, मुलाकडे पैसे मागायला जीव धजत नसे. चष्म्याअभावी अंधारात बसलेली ही माणसं सरकारी कागदावर ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ म्हणून नोंदलेली होती.

भिंग काढलं तर दुसरं बसवावं, ही कल्पना जुनीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेनमध्ये एकाने काचेचं भिंग घालून पाहिलं होतं. ते थेट डोळ्याच्या तळाशी गेलं. शरीर परकी वस्तू सहन करत नाही, डोळा तर मुळीच नाही, हे वैद्यकाने गृहीत धरलं.

१५ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या बसल्या आणि कॉकपिटचं पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लास्टिक फुटून त्याचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला, दुसऱ्यात कण तसेच राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडली हे सर्जन होते. काचेचा कण डोळ्यात राहिला तर डोळा लालबुंद होतो, सुजतो. क्लीव्हरसारख्या वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे कण वर्षानुवर्षं शांत पडून होते. रिडली यांनी हे पाहिलं आणि मनात ठेवलं. युद्धानंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत असताना पाहायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं की काढलेल्या भिंगाच्या जागी नवं का बसवत नाही. मनात घोळत असलेल्या गोष्टीला या प्रश्नाने धक्का दिला.

रिडली रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीकडे गेले. खास शुद्ध केलेलं पर्स्पेक्स तयार करवून घेतलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ४५ वर्षांच्या एका महिलेच्या डोळ्यातलं गढूळ भिंग काढून, मागे ठेवलेल्या पिशवीत त्यांनी प्लास्टिकचं भिंग बसवलं. दाव्हिएलची पिशवी, जी स्मिथने टाकून दिली होती, तीच आता नव्या भिंगाची जागा ठरली. पहिल्या निकालात मोठी चूक निघाली. डोळ्याला उणे चोवीसच्या घरातला नंबर आला, कारण नैसर्गिक भिंगाची वक्रता जशीच्या तशी उतरवली होती आणि पर्स्पेक्स प्रकाश अधिक वाकवतं. पण भिंग जागेवर होतं आणि डोळा शांत होता. पुढच्या भिंगांत वक्रता सुधारली.

रिडली यांनी हे काम गुप्त ठेवलं होतं. नेत्रतज्ज्ञाचं काम डोळ्यातलं परकं बाहेर काढण्याचं. आत घालणारा माणूस त्या काळच्या समजुतीने बेजबाबदार. एक रुग्ण चुकून त्याच आडनावाच्या दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे तपासायला गेला आणि बातमी फुटली. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडली आपले दोन रुग्ण घेऊन उभे राहिले. ब्रिटिश नेत्रवैद्यकातलं सर्वांत वजनदार नाव सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर. त्यांनी त्या रुग्णांचे डोळे तपासायलाही नकार दिला. विरोधाला वस्तुस्थितीचाही थोडा आधार होता. रिडली यांची भिंगं जड होती, काही जागेवरून निसटली, काही डोळ्यांत काचबिंदू झाला. हजारेक भिंगं बसवल्यानंतर ती पद्धत थांबली. बिंकहोर्स्ट, चॉइस, एपस्टाइन यांसारख्या थोडक्या नेत्रसर्जनांनी आकार बदलत, वजन कमी करत धागा तुटू दिला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भिंगांना मान्यता दिली ती १९८१ मध्ये. रिडली यांना ‘सर’ किताब मिळाला तेव्हा साल २००० होतं आणि ते ९३ वर्षांचे होते. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशीच भिंगं बसवली गेली होती. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यातही १९८७ मध्ये भिंग बसलं.

छेदाचा प्रश्न न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी घेतला. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असताना दातांवरचं किटण काढणारं अल्ट्रासाउंड यंत्र त्यांच्या लक्षात आलं. तशाच यंत्राच्या सुईच्या टोकाने भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यायचं, म्हणजे दहा-बारा मिलिमीटरच्या छेदाऐवजी तीन मिलिमीटर पुरतील. १९६७ मध्ये त्यांनी हे माणसाच्या डोळ्यावर केलं. पहिल्या शस्त्रक्रियेला काही तास लागले आणि पुढेही कित्येक वर्षं सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. शिवाय तीन मिलिमीटरच्या भोकातून सहा मिलिमीटरचं कडक भिंग जाणार कसं? १९८० च्या दशकात घडी घालता येणारी मऊ भिंगं आली तेव्हा केलमन आणि रिडली यांची कामं एकत्र आली. शस्त्रक्रियेत डोळ्याची जागा फुगवून धरणारं, आतल्या नाजूक पेशी जपणारं चिकट द्रव्यही तेव्हाच मिळालं. ते आधी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलं जाई.

लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये हे चालू असताना भारतात शिबिरं चालू होती. शाळेला सुटी लागली की वर्गातले बाक ऑपरेशनची टेबलं होत, कंदील किंवा मोटारीच्या बॅटरीवरचा दिवा लागे, आणि पटांगणात गवताच्या अंथरुणावर डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या माणसांच्या रांगा निजत. जुन्या मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यातले डॉ. मुरुगप्पा मोदी या शिबिरांचे अग्रणी. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा त्यांचा विक्रम गिनीज बुकात गेला. ज्या खेड्यांत डॉक्टर पोचत नव्हता तिथे अशी माणसं पोचली, लाखोंना उजेड मिळाला, हे ऋण मोठं आहे. १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याआधीच्या राष्ट्रीय पाहणीत देशात १.३८ टक्के लोक आंधळे आढळले होते.

पण शिबिरात मोजलं जाई ते ऑपरेशन. उद्दिष्ट ऑपरेशनांचं, फोटो ऑपरेशनांचे, अभिनंदनही त्यांचंच. भिंग बसवत नव्हते. जाड चष्मा हातात दिला की काम संपे. आणि गडबडीत जंतुनाशनाची साखळी तुटली तर काय होतं हे एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे दिसलं. एका शिबिरात डोळे धुण्याचं सलाइन दूषित होतं. ८४ जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ च्या निकालात न्यायालयाने शिबिरांच्या दर्जाबद्दल आणि भरपाईबद्दल आदेश दिले. दिसावं म्हणून विश्वासाने आलेली ही माणसं गरीब होती, बहुतेक वयस्कर होती.

सर्वांत अवघड राहिलेली गोष्ट किमतीची होती. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना शस्त्र धरायला नव्याने शिकले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी भाड्याच्या घरात ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. एका सर्जनसमोर दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू तोवर दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. तयारीची सारी कामं प्रशिक्षित मुली करणार. पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देणाऱ्यांचं मोफत. पण भिंग परदेशातून यायचं आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना सुरू केला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या खाली आली. माझ्या मते या इतिहासात रिडली यांच्या शोधाच्या बरोबरीने ही घटना ठेवायला हवी. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्र त्यांत होता. भर भिंगावर आणि शाळेच्या वर्गाऐवजी रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेवर होता.

केलमनचं यंत्र मात्र महाग होतं, आणि आपल्याकडचे मोतीबिंदू उशिरा येणारे, कडक. भारत-नेपाळमधल्या सर्जनांनी यंत्राशिवाय मार्ग रुळवला. पांढऱ्या भागातून तिरकस बोगदा करायचा, त्यातून भिंग काढायचं, नवं बसवायचं. डोळ्याच्या आतल्या दाबानेच बोगदा मिटतो, टाका लागत नाही. लोकांच्या तोंडी ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’. ते खरोखर किती चांगलं, याची कसोटी पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात लागली. तिथल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०० डोळे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय तपासणीच्या तक्त्यावर ६/१८ किंवा अधिक चांगलं दिसणाऱ्यांचं प्रमाण यंत्राच्या गटात ८१ टक्के, बोगद्याच्या गटात ७१ टक्के होतं; योग्य चष्मा दिल्यावर दोन्हीकडे ९८ टक्के. खर्च मात्र यंत्राने सुमारे ४२ डॉलर आणि हाताने सुमारे १५ डॉलर, वेळही जवळपास निम्मा. दाव्हिएलने आपलं यश स्वतः मोजलं होतं. पुण्यात रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटला गेला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासला गेला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी सरकारी व्यवस्थेतच हे काम वाढवलं. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. १९९५ मध्ये आईने दिलेल्या मूत्रपिंडावर उभा राहिला आणि त्याच्या हातून लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांचे डोळे उघडले. ज्यांना स्पर्श करायलाही लोक कचरत, त्यांना नवं भिंग मिळालं.

२०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पन्नाशीपुढच्या अंधांत मात्र अजूनही सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूनेच आंधळे आहेत. खेड्यातल्या बाईला सोबत यायला कुणी नाही, शेतीची कामं अडलेली आहेत, ‘आता या वयात काय पाहायचंय’ असं घरचे म्हणतात, असं करत तिची पाळी मागे जाते. ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांतही काहींना काही वर्षांनी पिशवीवर जाळी येऊन पुन्हा धूसर दिसू लागतं. लेसरने काही मिनिटांत ती साफ होते, पण हे सांगायला कुणीतरी पुन्हा भेटावं लागतं.

जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये मोतीबिंदूच्या कामाचं नवं माप मान्य केलं. २०३० पर्यंत परिणामकारक शस्त्रक्रियेची व्याप्ती ३० टक्के बिंदूंनी वाढवायची, असं देशांसमोरचं उद्दिष्ट आहे. या मापात नुसतं ऑपरेशन मोजत नाहीत. ज्या डोळ्याने शस्त्रक्रियेनंतर, रोजच्या वापरातल्या चष्म्यासह किंवा त्याविना, तक्त्यावर ६/१२ पर्यंत वाचता येतं, तोच डोळा हिशोबात धरतात. ऑपरेशन झालं पण पुन्हा तपासणी झाली नाही, नंबर राहिला, जाळी आली अशी जी बाई दारातल्या उजेडात तांदूळ निवडताना खडा बोटाने चाचपून शोधते, तिच्या नावापुढे या मोजणीत यशाची खूण पडत नाही.